बुडवणे की बाप्तिस्मा?

बॅप्टिस्ट म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवूनच दीक्षा देणारा ख्रिस्ती पंथ. "बॅप्टिस्टांना शास्त्र हाच शेवटचा शब्द, त्यामुळे अर्थावरून वाद उरत नाही," असं एक मत वाचलं. पहिला भाग बरोबर. पोप नाही, बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. पण म्हणूनच सगळं वजन शब्दावर येतं, आणि तिथेच वाद पेटतो. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, ज्या ग्रीक 'बाप्टिझो' क्रियापदावरून आला, त्याचा मूळ अर्थ बुडवणे. कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली बायबलमध्ये तो उघड अर्थच घातला. इतर पंथांना हे कसं चालणार? ते तर डोक्यावर पाणी शिंपडणारे! अमेरिकन बायबल सोसायटीने 1836 साली या भाषांतराला पैसे नाकारले, तेव्हा तिथल्या बॅप्टिस्टांनी सरळ वेगळी सोसायटी काढली. एका क्रियापदापायी.

मराठीत मात्र आपण 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्दच उचलला. इंदूरला आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी होत्या, घरात अस्सल मराठी, बाहेर माळवी ढंगाची हिंदी. त्यांच्या जुन्या मराठी बायबलात मी हा शब्द पहिल्यांदा वाचला आणि अर्थ विचारला. "पाण्याचा विधी," एवढंच म्हणाल्या. किती पाणी, ते शब्दातून कळत नाही, म्हणून तो सगळ्या पंथांना चालला असावा. आणि गंमत बघा, 1811 चा बंगालमधल्या सेरामपूरचा मराठी नवा करार काढणारे विल्यम कॅरी स्वतः बॅप्टिस्टच होते.