आखाडा रेवड्यांवरच सुरू होतो

यात्रेतल्या कुस्त्या आता निव्वळ इनामाच्या आकड्यावर चालतात, असं हल्ली बरेच जण म्हणतात. शेवटच्या मोठ्या जोडीपुरतं मान्य. पण आमच्या मुळशीकडच्या गावात चैत्रात आखाडा अजून रेवड्यांवरच, म्हणजे बक्षीस म्हणून रेवड्या वाटतात त्या लहान पोरांच्या कुस्त्यांनीच सुरू होतो. सहा-सात वर्षांची पोरं, लंगोट सुटत आलेला, आजोबा कडेनं 'पट काढ, पट काढ' ओरडतायत आणि हलगीवाला त्यांच्यासाठीही तेवढ्याच जोशात वाजवतोय! लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल आधीच कालवलेलं असतं. तो वास अंगावरून दोन दिवस जात नाही. गेल्या साली पुतण्या अर्ध्या मिनिटात चितपट झाला. नारळ दोघांनाही मिळाला. कोथरूडला घरी येईपर्यंत पठ्ठ्यानं तो कुणाच्या हातात दिला नाही.