तीन क्वेऱ्यांचा रिझल्ट एका यादीत आणला, पण टोटल १,३५० नं कमी यायलीय

टॉवेल_नवीपेठ
नमस्कार मंडळी. आमचं चादर-टॉवेलचं दुकान सोलापुरात नवी पेठेत आणि गोडाऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत, हिशोब मीच बघतो. मायएसक्यूएलमध्ये (टेबलांत माहिती ठेवायचा डेटाबेस) तीन टेबलं आहेत, दुकान_विक्री, गोडाऊन_विक्री आणि फोनवर ऑर्डर घेऊन ट्रान्सपोर्टनं पाठवतो ती पार्सल_विक्री. आतापर्यंत रोज रात्री तीन क्वेऱ्या (डेटाबेसकडून माहिती मागवायचे हुकूम) चालवून एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवायलो होतो, ते बंद करायचं म्हणून मधी युनियन घालून एकच केली (मोबाईलवरून लिहितोय म्हणून सगळं देवनागरीत):

सिलेक्ट तारीख, माल, रक्कम फ्रॉम दुकान_विक्री
युनियन
सिलेक्ट तारीख, माल, रक्कम फ्रॉम गोडाऊन_विक्री
युनियन
सिलेक्ट तारीख, माल, रक्कम फ्रॉम पार्सल_विक्री

चालली, एरर नाही, यादी पण आली. पण १४ जानेवारीला, गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी होती त्या दिवशी, वहीत ४७,८५० आहेत आणि क्वेरीत ४६,५००. दोन तास १,३५० ची पावती हुडकली, तिन्ही टेबलांत तसली पावतीच नाही. एकेका टेबलाची टोटल वेगळी काढली की बरोबर येतीय, एकत्र केलं की पैसे गायब. वडील म्हणायलेत वहीच बरी. काय चुकतंय सांगा की.

खतावणी_ताई
१,३५० ची एक पावती नसेल तर ६७५ च्या दोन नाहीतर ४५० च्या तीन शोधा. त्या दिवशी एकच माल एकाच भावानं किती जणांनी नेला ते बघा.

नुसतं युनियन लिहिलं की ते सारख्या ओळी काढून टाकतं, आणि सांगत पण नाही. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं ते गणितातल्या संचावर, आणि संचात एक गोष्ट एकदाच असते, तिथून ही सवय आलीय. तुम्ही पावती नंबर घेतलाच नाही, फक्त तारीख, माल, रक्कम, म्हणजे डेटाबेसला ती तीन वेगळी गिऱ्हाइकं दिसणार कुठून, त्याला एकच ओळ दिसते. युनियनच्या जागी दोन्हीकडं युनियन ऑल करा, सगळ्या ओळी जशाच्या तशा येतील. पैशाच्या हिशोबात मी तरी कायम युनियन ऑलच लिहिते, कारण दोनदा आलेली ओळ डोळ्याला दिसते पण गेलेली ओळ कधीच दिसत नाही.

आणि दोन कॉलम वाढवा, पावती_नं आणि ती ओळ कुठून आली ते, म्हणजे पहिल्या सिलेक्टमध्ये 'दुकान' ॲज कुठून, दुसऱ्यात 'गोडाऊन', तिसऱ्यात 'पार्सल'. उद्या फरक आला तर कुठल्या टेबलात बघायचं ते लगेच कळतं.

जोडबसवण्णा_चौक
ताई बरोबर सांगायल्यात. त्यात एक भर घालतो. युनियन कॉलमचं नाव बघत नाही, फक्त जागा बघतं, वरच्या क्वेरीतला तिसरा कॉलम खालच्या तिसऱ्याखाली, संपलं. मी सुताच्या एका व्यापाऱ्याकडं होतो तिथं एका टेबलात नग आणि रक्कम उलट लिहिले गेले होते, दोन्ही आकडेच त्यामुळं एरर आली नाही आणि आठ दिवस नग रुपये म्हणून मोजले गेले. म्हणून स्टार (सगळे कॉलम आणणारं * चिन्ह) वापरू नका, कॉलम नावानं लिहा. एखादा कॉलम एका टेबलात नसेलच तर तिथं नल (म्हणजे रिकामं) लिहून जागा भरा. ऑर्डर बाय, म्हणजे ओळी क्रमानं लावायचं, सगळ्यात शेवटी एकदाच.

दिवसाची टोटल पाहिजे असेल तर अख्खी क्वेरी कंसात घालून तिला टोपणनाव द्या, मायएसक्यूएल त्याशिवाय पुढं जात नाही, आणि बाहेरून सम (बेरीज) आणि ग्रुप बाय तारीख (तारखेवार गट).

टॉवेल_नवीपेठ
ताई, सापडलं! ६७५ च्या तीन चादरी, एकच डिझाईन, तीन वेगळ्या पावत्या. एक ओळ राहिली, दोन गेल्या. युनियन ऑल केलं आणि ४७,८५० आले. वडिलांना वही शेजारी ठेवून दाखवलं.

आता दुसरं. पार्टीची उधारी काढायचीय, बिलं एका टेबलात आणि जमा एका टेबलात, दोन्ही पार्टी_आयडीवर जॉइन केली. एका पार्टीची बिलं १०,००० आणि १५,०००, त्यांनी ५,००० तीनदा दिले, म्हणजे बाकी १०,००० पाहिजे. क्वेरी ४५,००० दाखवायलीय. असा आकडा फोनवर सांगितला तर माणूस तुटंल की हो.

खतावणी_ताई
जॉइन ओळी शेजारी-शेजारी लावतं, प्रत्येक बिल प्रत्येक जमेला जोडलं जातं. दोन बिलं गुणिले तीन जमा, सहा ओळी. बिलं तीनदा मोजली ७५,०००, जमा दोनदा मोजली ३०,०००, राहिले ४५,०००. कुणी समच्या आत डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणारा शब्द) घाला म्हणेल, अजिबात घालू नका, तीन वेळा दिलेले ५,००० एकदाच धरले जातील, म्हणजे पुन्हा ती चादरीचीच गोष्ट.

आधी बिलांची पार्टीवार टोटल एका कंसात, जमेची दुसऱ्या कंसात, मग पार्टी टेबलाला दोन्ही लेफ्ट जॉइन (जोडी नसली तरी पार्टीची ओळ राहते), आणि ज्यांनी अजून काहीच दिलं नाही त्यांच्यासाठी कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून शून्य, नाहीतर वजाबाकी नल येते आणि नेमके तेच यादीत कोरे दिसतात.

पण मला विचाराल तर खतावणीसारखं करा. नावे आणि जमा एकाखाली एक:

सिलेक्ट पार्टी_आयडी, सम(रक्कम) फ्रॉम (
सिलेक्ट पार्टी_आयडी, रक्कम फ्रॉम बिलं
युनियन ऑल
सिलेक्ट पार्टी_आयडी, -रक्कम फ्रॉम जमा
) ॲज खातं ग्रुप बाय पार्टी_आयडी

जमेच्या आधी वजा चिन्ह. गुणाकार व्हायला इथं वावच नाही, आणि तुमच्या वडिलांच्या वहीचं पान असंच असणार.

जोडबसवण्णा_चौक
हीच क्वेरी क्रिएट व्ह्यू करून (नाव देऊन डेटाबेसमध्येच साठवून) ठेवा, रोज लिहायला नको.

टॉवेल_नवीपेठ
१०,००० आले ताई. वडिलांनी स्वतः पाच पार्ट्यांची बाकी वहीशी लावून बघितली, पाचही जुळल्या. व्ह्यू करून ठेवतो दादा, एक्सेल आज बंद केलं.