तुटलेला स्केग: कानस मारून विसरावा की वेल्डिंग करून घ्यावे?

लाटांवर (धागाकर्ता)

काल एका सदस्याने विचारले होते की, खडकावर आपटून आउटबोर्डाचा (बोटीच्या मागे टांगलेल्या मोटरचा) स्केग, म्हणजे प्रोपेलरखालचा उभा पंख, खालून साधारण निम्मा तुटला आहे, तर दुरुस्ती करावी का. त्यावर 'किनारा' यांनी उत्तर दिले: "स्केग म्हणजे शोभेचा पंख. कडा कानसून घ्या, रंग मारा आणि विसरून जा. वेल्डिंगच्या नादी लागाल तर चांगले गिअरकेस (मोटरच्या पायातले गिअरांचे कवच) जाळून बसाल." हे उत्तर बऱ्याच जणांना पटलेले दिसले, म्हणून स्वतंत्र धागा काढून सविस्तर लिहीत आहे. वेगाने धावणाऱ्या बोटीच्या मालकाने हा सल्ला मानला तर तो संकटात सापडू शकतो.

बोट प्लेनिंगला आली (वेगामुळे वर उचलली जाऊन पाण्यावर धावू लागली) की आउटबोर्डाचा किती भाग पाण्यात उरतो, हे आधी पाहावे. प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी पाण्याच्या पातळीजवळ येते आणि तिच्या वरचा जवळजवळ सगळा पाय पाण्याबाहेर निघतो. खाली उरतात गिअरकेसचा बुंधा (गिअर आणि ऑइल असलेला फुगीर भाग), प्रोपेलर आणि स्केग. त्या वेगाला वळताना पाण्याला आडवे रेटणारे जे उभे पृष्ठ असते, त्यातला मोठा वाटा एकट्या स्केगचा असतो. तो निम्मा गेला की वळणावर बोटीचा मागचा भाग घसरू लागतो. शिवाय एकाच इंजिनाच्या बोटीत प्रोपेलर सतत एका दिशेने फिरत असल्यामुळे स्टिअरिंगला एका बाजूची ओढ असते. स्केग लहान झाला की ती ओढ वाढते आणि साध्या केबलच्या स्टिअरिंगवर चाक जराही सैल सोडण्याची सोय राहत नाही.

आणखी एक गोष्ट. स्केगचे टोक प्रोपेलरच्या पात्यांपेक्षा खाली असते ते काही दिसण्यासाठी नव्हे. पुढचा खडक स्केगला न लागता थेट पात्यांना लागेल आणि तो मार प्रोपेलर शाफ्टपर्यंत जाईल. याला शोभा म्हणणे मला तरी मान्य नाही.

किनारा

आपण माझे वाक्य उचलले, परंतु माझी बोट कोणती हे विचारले नाही. माझी बोट जड आणि संथ आहे, ती कधीही प्लेनिंगला येत नाही. तिच्या आउटबोर्डाचा संपूर्ण पाय सदैव पाण्यात असतो आणि सुकाणूचे काम तो पायच करतो. स्केगचा खालचा तुकडा जाऊन बराच काळ लोटला, कडा मी कानसाने गोल केल्या, आणि बोट पूर्वीसारखीच वळते. बंदरात, खाडीत आणि तलावात फिरणाऱ्या पुष्कळ बोटी अशाच संथ असतात, हे आपण लक्षात घेतलेले दिसत नाही.

वेल्डिंगबद्दल मी जे बोललो ते ऐकीव नाही. माझ्या एका मित्राने स्केग जोडून घेतला. काम दिसायला सुरेख होते. पुढे गिअर ऑइल काढले तेव्हा ते दुधासारखे पांढरट झालेले होते. उष्णतेने प्रोपेलर शाफ्टची सील कडक होऊन पाणी आत गेले होते आणि बेअरिंगांना गंज धरला होता. स्केग नसताना ती मोटर चालत होती, स्केग जोडल्यानंतर ती बंद पडली. हे उदाहरण मी कसे विसरावे?

ठिणगी

मी वेल्डिंगचे काम करतो, म्हणून वरचा प्रतिसाद वाचून राग आला हे स्पष्ट सांगतो. एका निष्काळजी माणसाच्या कामावरून सगळ्या कारागिरांना गिअरकेस जाळणारे ठरवणे अन्यायाचे आहे. काम कसे करायचे असते ते ऐकून घ्या.

लोअर युनिट (गिअरकेससह मोटरचा खालचा भाग) बोटीवरून उतरवायचे. ऑइल पूर्ण काढायचे आणि दोन्ही प्लग उघडे ठेवायचे, म्हणजे आतली हवा तापून तिचा दाब सीलवर येणार नाही. तुटलेल्या कडेपासून पुष्कळ वरपर्यंत रंग खरवडून धातू उघडा करायचा आणि केवळ ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासायचा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर या कामात चुकूनही वापरायचा नाही, कारण आर्कच्या उष्णतेत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. अर्थिंगचा चिमटा स्केगवरच, जोडाच्या अगदी जवळ लावायचा. तो दूर कुठेतरी शाफ्टवर लावला तर विद्युतप्रवाह बेअरिंगांतून आणि गिअरांतून जातो आणि त्यांच्यावर खड्डे पडतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, परंतु त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर. तो थर फोडण्यासाठीच टिग वेल्डिंगचे मशीन एसीवर (दिशा बदलणाऱ्या विद्युतप्रवाहावर) चालवावे लागते. या ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन असते, म्हणून ४०४३ क्रमांकाची सळई घ्यायची, छोटे छोटे टाके घालायचे आणि बुंध्यावर ओला कपडा गुंडाळून मध्ये मध्ये थांबायचे. जोड बुंध्यापासून दूर असेल तर सीलपर्यंत धोक्याची उष्णता पोहोचण्याचे कारण राहत नाही.

आता माझी तक्रार. लोक तुटलेल्या जागी आधी इपॉक्सी पुटी भरतात, वर रंग चढवतात, मीठ आणि तेल मुरलेला तो तुकडा माझ्यासमोर ठेवतात आणि जोडात छिद्रे आली की मला बोल लावतात. पुटीने कडेचे खळगे गुळगुळीत होतात, एवढाच तिचा उपयोग आहे. तिने घडवलेला आख्खा स्केग पुढच्या धक्क्याला गळून पडतो.

किनारा

आपण वर्णन केलेले काम करणारा कारागीर किती जणांना भेटतो, हाच माझा प्रश्न आहे. शिवाय गिअरकेस पुष्कळदा डायकास्ट (दाबाने साच्यात ओतलेले) असते आणि त्या धातूच्या पोटात ओततानाच वायूचे सूक्ष्म बुडबुडे अडकलेले असतात. वितळवले की ते उघडतात आणि जोड सच्छिद्र होतो. ही अडचण कारागिराच्या हातातली नाही, धातूतली आहे.

ठिणगी

बुडबुड्यांची गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. सच्छिद्र भाग घासून काढून पुन्हा भरावा लागतो, वेळ लागतो. परंतु स्केगच्या आत ऑइल नसते. तो भरीव पंख आहे. बुंध्यात अशी छिद्रे राहिली तर पाणी आत शिरेल, स्केगमध्ये राहिली तर थोडी मजबुती कमी होईल. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नका.

तळाचे तेल

इतके प्रतिसाद झाले, तरी ज्याचा स्केग तुटला त्याला ऑइल पाहिलेस का, असे कोणीही विचारलेले नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण प्रत्येक चर्चेत हेच घडते. स्केग निम्मा तुटण्याइतका मार बसला असेल तर स्केग ही सर्वांत लहान चिंता आहे. खालचा प्लग उघडून ऑइल पांढरट झाले आहे का पाहा, प्लगच्या चुंबकाला धातूचे कण चिकटले आहेत का पाहा. स्पार्क प्लगच्या वायरी काढून, मोटर न्यूट्रलमध्ये ठेवून प्रोपेलर हाताने फिरवा आणि शाफ्टच्या टोकाशी एक स्थिर काडी धरून टोक डगमगते का ते तपासा. स्केग जिथे बुंध्याला मिळतो तिथे केसासारखी बारीक भेग आहे का, हे भिंगाने पाहा. भेग बुंध्यात शिरली असेल तर वरचा सगळा वाद निरर्थक ठरतो आणि गिअरकेस बदलावेच लागते.

निळा दोर

वेल्डिंग नको आणि तुटका स्केगही नको, अशांसाठी तिसरा मार्ग आहे. उरलेल्या स्केगवर बसणारे स्टेनलेसचे तयार आवरण मिळते. दोन-तीन भोके पाडायची, सीलंट भरायचा, बोल्ट आवळायचे. उष्णता नाही, सीलची काळजी नाही. माझ्या आउटबोर्डावर ते बसवल्यापासून वाळूच्या दांड्यांवर घासूनही काही झालेले नाही.

खारवट

समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियमला स्टेनलेस चिकटवून ठेवण्याचा सल्ला वाचून मी थक्क झालो. त्या जोडीत झिजते ते ॲल्युमिनियम. आवरणाचे पृष्ठ मोठे आणि भोक पाडताना रंग उडालेली जागा चिमुकली. अशा वेळी सगळी झीज त्या चिमुकल्या जागेवर एकवटते. वरून आवरण असल्यामुळे आत काय चालले आहे ते दिसतही नाही. मी एका जुन्या मोटरचे असे आवरण काढले होते आणि आतल्या स्केगचा पांढरा भुगा हातात आला होता.

निळा दोर

मग पुष्कळ आउटबोर्डांवर प्रोपेलरच स्टेनलेसचा असतो, तोही काढून टाकायचा का? तो त्याच ॲल्युमिनियमच्या शेजारी राहतो. झीज ॲनोडने (मोटरला लावलेल्या, मुद्दाम झिजू द्यायच्या धातूच्या तुकड्याने) घ्यायची असते आणि ॲनोड वेळेवर बदलणारा माणूस निश्चिंत असतो.

खारवट

प्रोपेलरभोवती पाणी खेळते, तो केव्हाही काढून पाहता येतो. आवरणाखाली खारे पाणी साचून राहते; अशा बंद फटीत स्टेनलेससुद्धा सुरक्षित राहत नाही. आणि कोणता ॲनोड? खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. मॅग्नेशियमचा ॲनोड खाऱ्या पाण्यात भराभर संपतो. काही जण तर ॲनोडवरच रंग मारतात आणि मग तो असून नसल्यासारखा. तांबेयुक्त रंग गिअरकेसला लावणाऱ्यांविषयी मी लिहू लागलो तर रात्र पुरणार नाही.

निळा दोर

आपला सूर असा आहे की जणू मी कोणाची मोटर बुडवायला निघालो आहे. मी सीलंट म्हटले होते. ते दोन धातूंच्या मध्ये असतेच. भोकांच्या आतही ते भरा, दरवर्षी आवरण उतरवून पाहा. गोड्या पाण्यात तर आपला आक्षेप बराचसा गळून पडतो.

खारवट

दरवर्षी उतरवून पाहणार असाल आणि गोड्या पाण्यात असाल, तर मी विरोध करणार नाही. परंतु दरवर्षी उतरवणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

किनारा

या आवरणाविरुद्ध माझा आक्षेप गंजाचा नाही, बळाचा आहे. पातळ स्केग तुटतो आणि तुटताना धक्का पिऊन टाकतो. त्याला पोलादाचे चिलखत घातले की तोच धक्का वर बुंध्यात जातो. स्केग तुटणे परवडते, बुंधा तडकणे परवडत नाही.

लाटांवर

पुढे जाताना खडक लागला तर मोटर मागे उसळून वर येते आणि पुष्कळसा धक्का तिथेच जातो. मात्र रिव्हर्समध्ये छोट्या मोटरचा खटका तिला खाली धरून ठेवतो, आणि बाजूने बसलेल्या माराला तर उसळण्याचा उपयोगच नाही. त्या दोन बाबतींत आपला मुद्दा बरोबर आहे, हे मला मान्य करावे लागते.

दुरुस्ती करणाऱ्यांना एक सूचना: काही गिअरकेसांत ओढ कमी करण्यासाठी स्केगला मुळातच किंचित बाक दिलेला असतो. तो मार लागून वाकला असे समजून हातोडीने सरळ करायला जाऊ नका. ओतीव ॲल्युमिनियम थंड असताना वाकवले की तडकते.

किनारा

मीही एवढे मान्य करतो की प्लेनिंगला येणाऱ्या, एकाच इंजिनाच्या बोटीला निम्मा स्केग पुरणार नाही. 'शोभेचा' हा शब्द मी मागे घेतो. संथ बोटीविषयीचे माझे मत मात्र जसेच्या तसे आहे, आणि टोकाचा लहान तुकडा गेलेल्या मोटरला वेल्डिंग सुचवणाऱ्यांना मी पुढेही विरोध करीन.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. बोट हलकी आहे, इंजिन एकच, आणि ती प्लेनिंगला येते, हे मी आधीच सांगायला हवे होते. आज ऑइल काढले. ते स्वच्छ आहे आणि चुंबकावर नेहमीच्या करड्या लेपाखेरीज काही नाही. शाफ्ट डगमगत नाही. तुटलेली कड बुंध्यापासून हाताच्या चार बोटांइतकी दूर आहे. लोअर युनिट उतरवून वेल्डिंगला देतो आहे. पुटी भरलेली नाही.

तळाचे तेल

उतरवलेच आहे तर शाफ्टची सील नवी घाला आणि परत बसवण्यापूर्वी हवेचा हलका दाब देऊन गळती तपासा. वॉटर पंपाचा इम्पेलरही त्याच वेळी पाहून घ्या, तो तिथे समोरच असतो.

ठिणगी

रंग खरवडूनच आणा.