ग्रंथालय संचालकांची निवड: शिकवणाऱ्यांचंही ऐका

'निवड समिती नियमानुसार बसते, मग प्राध्यापकांनी मध्ये का पडावं?' असा प्रश्न विद्यापीठाच्या ग्रंथालय संचालकांच्या निवडीबाबत विचारला गेला, त्याबद्दल लिहितो. मी पुण्यातच शिकवतो. आक्षेप कुणा उमेदवारावर नाही, प्रक्रियेवर आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीत विद्यापीठ ग्रंथपालासाठी, म्हणजे याच पदासाठी, किमान 55 टक्क्यांसह ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, पीएच.डी. आणि 10 वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय नावीन्यपूर्ण ग्रंथालय सेवेचा पुरावाही. पहिल्या तीन गोष्टी कागदांवरून तपासता येतात. चौथी बंद दाराआडच्या मुलाखतीत कशी कळणार? उमेदवाराने विभागांसमोर तासभर सादरीकरण करावं, पीएच.डी.च्या मुलांनी प्रश्न विचारावेत, एवढीच आमची मागणी आहे.

आणि विचारण्यासारखं पुष्कळ आहे. जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या एकत्रित वर्गणीच्या योजनेतून सुमारे 13,000 संशोधन नियतकालिकं सरकारी संस्थांना मिळू लागली. मग वर्गणीचे जे पैसे वाचतील, ते कुठे जाणार? मराठीच्या विद्यार्थ्याला एकोणिसाव्या शतकातल्या मासिकाचा अंक हवा असतो. पान उलटताना कडा तुटून बोटांना चिकटतात, म्हणून तो अंक बाहेर काढायलाच कर्मचारी धजत नाहीत. स्कॅनिंग आधी त्याचं की जुन्या प्रबंधांचं, हे संचालकच ठरवणार. प्रभारींच्या भरवशावर कारभार चालला की नेमके हेच निर्णय रेंगाळतात, आणि कागद काही तोवर थांबत नाही.

शेवटचा शब्द समितीचाच राहू दे, त्याला कुणाची हरकत नाही. पण विभागांचे लेखी अभिप्राय मुलाखतींआधी तिच्यापुढे जावेत. आणि कृपा करून तारखा ऐन दिवाळीच्या सुट्टीत ठेवू नका.