‘चिवट’, ‘हौशी’ की ‘उमेदीची’? आजीसाठी शब्द हवा आहे

माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या महिन्यात गेली. एक्याण्णव वर्षांची होती. तिच्याविषयी चार ओळी लिहायला घेतल्या आणि पहिल्याच ओळीत अडलो. मामा म्हणाला, "लिही, फार चिवट बाई होती." आई लगेच म्हणाली, "चिवट काय? ती काय दोरी होती?" मला दोघांचंही पटलं. चाळिशीत आजोबा गेले, पदरात ही दोन मुलं. ऐंशी ओलांडल्यावर खुब्याचं हाड मोडलं, तरी चार महिन्यांत ती आपल्या पायांनी जिना उतरली. हा चिवटपणा नाही तर काय? पण या शब्दात तिचं हसणं कुठेच येत नाही. ती खोलीत यायच्या आधी तिचं हसू यायचं. दोन्ही सामावून घेईल असा शब्द आहे का?

———

आधी तुमच्या आईंच्या हरकतीबद्दल. ती रास्त आहे. ओढलं तरी तुटत नाही ते चिवट: चिवट धागा, चिवट वेल. दुखणंही चिवट असतं आणि वाईट सवयसुद्धा. माणसाला लावला की कौतुक असतं, पण ते टिकून राहण्याचं. कसं टिकला ते कळत नाही. ‘काटक’ शरीराचा शब्द आहे: अंगाने किरकोळ, पण कष्टाला न हटणारा. ‘खमकी’ला समोर कुणीतरी लागतं, ज्याला ती सुनावेल. ‘खंबीर’ मनाचा आहे, पण खंबीर माणूस डोळ्यांपुढे येतो तो ओठ मिटलेला. "खंबीर आजी खळखळून हसली" हे वाक्य चुकीचं नाही, तरी वाचताना थबकायला होतं.

———

‘हौशी’ चालेल का? मूळ अरबी ‘हवस’. हिंदीत त्याचा अर्थ वासनेकडे गेला. मराठीने मात्र त्याची ‘हौस’ केली आणि सगळा मळ काढून टाकला. हौसेने करणं म्हणजे कुणी सांगितलं नसताना, मनापासून करणं. मला हा आपल्या भाषेतला फार गोड शब्द वाटतो. अडचण एवढीच की ‘हौशी’ म्हटल्यावर पोटापाण्यासाठी न करणारा, हौशी नट वगैरे, हाही अर्थ येतो. आणि सोसणं त्यात नाहीच.

जाता जाता: आईची आई आणि वडिलांची आई, दोघींना आपण ‘आजी’च म्हणतो, म्हणून तुम्हाला ‘आईची आई’ असा खुलासा करावा लागला. पण ‘आजोळ’ म्हटलं की फक्त आईकडचं घर.

———

मी ‘उमेद’ सुचवेन. फारसीत आणि हिंदीत तिचा अर्थ आशा. ‘उमेदवार’ म्हणजे मुळात आशेवर असलेला. मराठीत आशेला अंगातलं बळ येऊन मिळालं. आशा ठेवून माणूस नुसता बसून राहू शकतो, उमेद असली की उठतो. म्हणून "उमेद खचली" म्हणतो, "नव्या उमेदीने कामाला लागली" म्हणतो. आणि ‘उमेदीची वर्षं’ म्हणजे आपण तरुणपण समजतो. तुमच्या आजींची उमेदीची वर्षं एक्याण्णवपर्यंत चालली, असं सरळ लिहा.

———

शब्द चांगला आहे, पण मी विशेषणाच्या मागे लागणार नाही. तुमच्याच मजकुरात बघा. ‘चिवट बाई होती’ इथे माणूस संपतो. ‘हसू यायचं’ इथे ती अजून येते आहे. हा रीतिभूतकाळ, एकदा नाही तर नेहमी घडणाऱ्या गोष्टीचा. जुन्या गद्यात ‘ती हसे, ती म्हणे’ असं यायचं, आज ‘हसायची, म्हणायची’. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना या काळाइतकं जवळचं मला काही वाटत नाही. आजी सारखं काय म्हणायच्या?

———

"बघू की." हे म्हणायची.

तुमचा प्रश्न वाचला आणि रात्रभर तेच कानात होतं. आपण ‘बघू’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते ‘नाही’ असतं, नुसतं सौम्य केलेलं. तिचं तसं नव्हतं. शेवटच्या ‘की’ने सगळं फिरायचं. "येतो की", "आहे की" यातला तोच ‘की’: यात अवघड ते काय, असं म्हणणारा. डॉक्टरांनी सांगितलं, आता जिना विसरा. ही म्हणाली, "बघू की," आणि हसली.

उमेदीची वर्षं एक्याण्णवपर्यंत चालली, हे वाक्य घेतो आहे. आईला वाचून दाखवलं, तिने ते दोनदा वाचायला लावलं. मामाचा ‘चिवट’ काढला. त्या वाक्याखाली आजीचे दोनच शब्द, अवतरणचिन्हांत.