मुलीला मैफलीची पियानोवादक व्हायचे आहे. हे आयुष्य नेमके कसे असते?

विचारणा (फोंडा)

माझी मुलगी 14 वर्षांची असून गेली 7 वर्षे पियानो शिकत आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांतली सहावी ग्रेड तिने नुकतीच पूर्ण केली. आमचे घर भजनाचे आणि पेटीचे. पियानो तिच्यामुळेच आला, तोही मडगावच्या एका जुन्या घरातून विकत घेतलेला. गाणे शिकणाऱ्या मुलीची वाट मला ठाऊक आहे: गुरू, रियाज, मग देवळातले उत्सव आणि हळूहळू मैफली. या वाटेवर पुढे काय असते आणि पोट कशावर चालते, हे जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

प्रतिसाद (मडगाव)

ताई, मी अनेक वर्षे मुलांना पियानो शिकवते आहे, त्या अनुभवातून लिहिते. ग्रेडच्या परीक्षा उपयोगी आहेतच, परंतु तिथे मोजक्या रचना वर्षभर घोटून भागते, तर एकल मैफलीत दीड-दोन तास, समोर स्वरलिपीचा कागद न ठेवता, सगळे स्मरणातून वाजवायचे असते. हा पायंडा एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ लिस्ट आणि क्लारा शूमान या पियानोवादकांमुळे रुजला आणि तो आजही बहुतेक ठिकाणी पाळला जातो. आठव्या ग्रेडनंतर संगीत विद्यालयातील काही वर्षे, रोजचे चार-पाच तास एकटीने बसणे आणि मग स्पर्धा, असा हा प्रवास आहे. पोलंडमधील वॉर्साची शोपँ पियानो स्पर्धा 1927 साली सुरू झाली आणि साधारणपणे दर पाच वर्षांनी होते. 2015 मध्ये ती जिंकणारा सोंग-जिन चो तेव्हा 21 वर्षांचा होता. अशा विजेत्याला जगभरातून बोलावणी येतात. उरलेल्यांचे पोट मुख्यतः शिकवणीवर चालते, आणि त्याला गायक-व्हायोलिनवादकांच्या साथीची जोड असते. यात कमीपणा नाही, पण मुलीला हे आजच सांगायला हवे.

प्रतिसाद (पणजी)

मी पियानो जुळवण्याचे काम करतो, म्हणून वाद्याविषयी लिहितो. व्हायोलिनवादक आपले वाद्य सोबत नेतो. पियानोवादकाला मात्र सभागृहात जे असेल त्यावर वाजवावे लागते, आणि दुपारच्या तास-दोन तासांत त्या अनोळखी पट्ट्यांचे वजन बोटांना ओळखून घ्यावे लागते. त्यामुळे तिला निरनिराळ्या पियानोंवर वाजवू द्या. घरच्या पियानोकडेही लक्ष द्या. सव्वादोनशेच्या आसपास तारांचा एकूण ताण कित्येक टनांचा असतो आणि तो मुख्यतः बिडाची चौकट सोसते, पण पट्ट्या आणि हातोड्यांची यंत्रणा बऱ्याच अंशी लाकूड आणि नमदा (दाबलेली लोकर) यांची असते. आपल्याकडे जूनमध्ये हवा ओली झाली की ध्वनिफलक (तारांचा नाद मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो, सूर चढतो आणि दाबलेली पट्टी खालीच राहते. अशा पियानोवर सराव केला की बोटे नकळत जास्त जोर लावायला शिकतात, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि पावसाळ्यात खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र लावा.

प्रतिसाद (म्हापसा)

वरच्या दोन्ही प्रतिसादांत हाताविषयी राहून गेले. अमेरिकेचे पियानोवादक लिऑन फ्लायशर तिशीच्या मध्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आत वळू लागली. तो फोकल डिस्टोनिया, म्हणजे शरीराच्या एखाद्या भागाचे स्नायू आपोआप आखडण्याचा विकार होता. पुढची कित्येक वर्षे ते केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. फ्रेंच संगीतकार रावेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) त्यांतलाच. तो पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पाउल विटगेनश्टाइनसाठी लिहिला गेला होता. त्या काळात फ्लायशर यांनी शिष्य घडवले, वाद्यवृंदाचे संचालन केले, आणि उपचारांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. मला त्यांच्या जिद्दीपेक्षाही हे महत्त्वाचे वाटते की मैफली थांबल्या तरी त्यांचे संगीत थांबले नाही. तुमच्या मुलीचे मनगट किंवा कोपर दुखत असेल, तर त्या दिवशी झाकण बंद करायला लावा. रियाजात दुखणे सोसायचेच असते, ही समजूत इथे घातक आहे.

विचारणा करणारी (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद वाचून मी तिला विचारले, तेव्हा उजवे मनगट दोन महिन्यांपासून दुखते आहे, असे तिने सांगितले. रियाज म्हणजे असाच, असे मीच तिला सांगत आले होते. सराव आजपासून थांबवला आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहोत आणि त्यानंतर तिच्या शिक्षिकेला भेटून हाताची बैठक मुळापासून पाहायला सांगणार आहे. खालचा सा दाबला की पट्टी वर येत नाही, हेही तिने आजच दाखवले.