मदत हवी आहे : ड्राउ समाजात बार्ड बसवायचा कुठे?

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स (आपापलं पात्र घेऊन फाशांवर खेळायचा कथाखेळ) खेळणारं कोणी आहे का इथे? फॉरगॉटन रेल्म्स या त्यातल्या काल्पनिक जगात नवीन कॅम्पेन (सलग चालणारी साहसकथा) सुरू होतेय, २०१४ चे रूल्स, आणि मला मेन्झोबेरान्झन या भूमिगत शहरातला पुरुष ड्राउ (जमिनीखाली राहणारा एल्फ) बार्ड (गाण्या-वाजवण्यातून जादू करणारा) करायचाय. आकड्यांचं टेन्शन नाही, ड्राउला डेक्स्टेरिटी (चपळाई) +२ आणि करिश्मा +१ आयतेच मिळतात, घोडं पेंड खातंय ते बॅकस्टोरीत. तिथल्या अकादमीत शाळा तीनच, पुजारणींना अराक-टिनिलिथ, जादूगारांना सॉरसेरे, लढवय्यांना मेली-मगथेर, मग हा बाबा गाणं शिकला कुठे??

रोग (rogue, म्हणजे लपतछपत काम करणारा चोरटा) या पात्राचं सोपंय हो, जिथे तिसरा मुलगा लोल्थ देवीला बळी द्यायची रीत आहे तिथे जगायचं तर सगळेच अर्धे रोग असणार, आणि घराणं बुडालं तर ब्रेगन डेअर्थ ही टोळी आहेच भाडोत्री कामाला. पण बार्ड? हे लोक बोगद्यात आवाज नको म्हणून बोटांच्या खुणांनी बोलतात आणि मी तिथे ल्यूट वाजवत बसू? आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) तर सेशन झीरोलाच (खेळाआधीच्या बैठकीतच) सांगितलं, पहिली तार छेडलीस की पर्सेप्शन रोल (कोणाला चाहूल लागली ते ठरवणारा फासा) मी करणार, तू नाही.

आयलिस्ट्री या चांगल्या ड्राउंच्या देवीची भक्ती हा एक मार्ग आहे, गाणं, नाच, तलवार सगळं तिचंच, पण 'चांगला ड्राउ' करून करून चोथा झालाय. त्यापेक्षा कॉलेज ऑफ व्हिस्पर्स हा बार्डचा उपप्रकार घेऊन एखाद्या मेट्रन मदरचा (घराण्याच्या प्रमुख बाईचा) हेर केला तर चालेल का, की सरळ रोग घेऊन परफॉर्मन्स स्किल टाकू? कोणी असं खेळलंय का? शनिवारी कॅरेक्टर शीट द्यायचीय.